तेलात ठेवलेली रिंग

थेंब आधी चकचकीत रेघ होऊन गाडीच्या मागच्या हबच्या खालच्या कडेवर उमटायचा. मग ती रेघ दोन्ही बाजूंनी सरकत मधोमध गोळा व्हायची, फुगायची, खाली लांबायची आणि पडायच्या बेताला आली की जराशी थांबायची. केशर त्या थांबण्याकडे बघत होती. गिअरचं तेल पाण्यासारखी घाई करत नाही. हे तर जुनं होऊन काळपट हिरवं झालेलं, मधासारखं जाड, गंधकाच्या वासाचं. खाली अंथरलेल्या वर्तमानपत्रावर थेंब पडला की डाग आधी गोल राहायचा, नंतर कागदाच्या धाग्यांच्या दिशेनं लांबट पसरायचा. गाडी स्टँडवर होती, इंजिन थंड होतं, मागचं चाक काढून भिंतीला टेकवलेलं होतं. काहीही फिरत नव्हतं, कशावर दाब नव्हता, तरी तेल बाहेर येत होतं. उभ्या गाडीतून गळतंय तर पळत्या गाडीत काय होत असेल, एवढा साधा विचार या छपराखाली आपल्याशिवाय कुणाच्या डोक्यात का येत नाही, असं तिला वाटलं. आणि लगेच वाटलं, येत असणार. आलेला असणार. येऊन झटकला गेलेला असणार. तिचा संताप तिथंच होता.

"उजेड खाली घे, पोरी," बाबुराव म्हणाले.

तिनं मोबाइलचा उजेड खाली घेतला. रविवार होता, कॉलेजला सुट्टी होती, आणि सुट्टीच्या दिवशी रामनगरच्या या गॅरेजमध्ये केशरचं काम उजेड धरायचं. बाबुराव तिचे सासरे. इथल्या रीतीप्रमाणं ती त्यांना मामा म्हणे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, ऑपरेशनचं नाव काढलं की उठून जायचे. गाडी खोलायची, धुवायची, पुन्हा जोडायची ते सगळं आता प्रवीण, तिचा नवरा, करायचा. पण शेवटचं सील म्हाताऱ्यानं बसवायचं, ही त्या गॅरेजची रीत. सगळं तयार झालं की प्रवीण हात पुसून बाजूला सरायचा आणि हाक मारायचा, "बाबा, या." मग बाबुराव आतून धुतलेल्या हातांनी यायचे, पाटावर बसायचे आणि सील बोटांनी चाचपून जागेवर दाबायचे. खानापूरपासून जोयड्यापर्यंत लोक म्हणायचे, बाबूमिस्त्रीनं बसवलेलं सील गळत न्हाई. म्हणत आले होते. अजूनही म्हणत होते.

गाडी कुळगीच्या बाजूला पर्यटकांसाठी राहायची सोय चालवणाऱ्या एका मालकाची. जुनी, जपानी, गोव्यातल्या कुणा परदेशी माणसाकडून घेतलेली. हिला चेन नाही. इंजिनापासून मागच्या चाकापर्यंत एक पोलादी दांडा जातो, चाकाशेजारच्या पेटीतले गिअर फिरवतो, आणि ते गिअर चाक फिरवतात. पेटीत तेल भरलेलं असतं. त्या तेलाला लागूनच, पलीकडं, मागचा ब्रेक. दोघांच्या मधे एक मोठं सील आणि एक साधी, काळी, रबराची रिंग. बांगडीएवढी. ती रिंग आहे तोवर तेल तेलाच्या जागी आणि ब्रेक ब्रेकच्या जागी.

प्रवीणनं खाचेतली जुनी रिंग काढून टाकली आणि बाबुरावांनी पाकिटातून नवी काढली. अंगठा आणि करंगळीत ताणली, सोडली. नाकाशी नेली. मग मागच्या दाढांमध्ये धरून हलकेच चावली. हीही त्यांची रीत. "ही बग, लोण्यागत हाय," ते म्हणाले. "तू आनलेली ती बेळगावची, ती कडक हाय गं. बसंल काय ती? पावनी हाय ती, चार दिस ऱ्हाऊन जाईल." स्वतःच्या विनोदावर ते हसले. प्रवीणही हसला, जरा जास्तच. मग त्यांनी वाटीतलं भिरंडेल बोटावर घेतलं. कोकमाच्या बियांचं ते घट्ट, पांढरं तेल घरात थंडीत फुटलेल्या टाचांना लावायचे; बाबुराव सीलांना लावायचे. ते रिंगेला हळूहळू चोळू लागले, लहान मुलाच्या पायाला चोळावं तसं. केशरला त्यांच्या हातांकडं बघताना नेहमी माया वाटायची. आज त्या मायेचाच राग आला. याच मायेपायी वर्षभर सगळे गप्प बसले होते.

बाबुरावांच्या हातातली ती रिंग पंपाची होती. रामनगरच्या बाजारात शेतीचे पंप आणि स्प्रिंकलर विकणाऱ्या दुकानातून आणलेली. माप तंतोतंत तेच, रंग तोच, चकाकी तीच. पण पाण्याचं रबर वेगळं आणि तेलाचं वेगळं. पाण्याचं रबर ऊन, वाफ, उकळतं पाणी, सगळं सोसतं; खनिज तेल मात्र त्याला सोसत नाही. तेल त्याच्या आत शिरतं, रेणूंच्या साखळ्यांमध्ये जागा करून बसतं, आणि रबर फुगत, मऊ पडत आपली खाच सोडून बाहेर येतं. यात मत असण्यासारखं काही नाही. लग्नाआधी केशर बेळगावला रबराचे सुटे भाग तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत होती. तिथं भिंतीला लागून काचेच्या नळ्यांची रांग असायची, प्रत्येक नळीत तेल आणि तेलात रबराचा तुकडा. रोज सकाळी तुकडा काढायचा, टिपकागदावर टिपायचा, वजन करायचं, परत ठेवायचा. तिला ते काम आवडायचं. तुकडा कुणाची भीड धरत नाही, हे तिला आवडायचं. इथं आल्यावर ती बारावीला रसायनशास्त्र शिकवायला लागली. पोरांना साखळ्या शिकवायच्या, परीक्षेत पोरं त्या बरोबर काढायची. आणि घरी येऊन उजेड धरायचा. पहिल्या वर्षी एकदा ती म्हणाली होती, मामा, तेलाला तेल सोसणारं नायट्राइलचंच रबर लागतं, तर बाबुरावांनी मान डोलावून म्हटलं होतं, "व्हय की. काळं ते समदं रबार." आणि चहा मागितला होता. तेव्हा तिलाही हसू आलं होतं. परशू पडायच्या आधी हसू येत होतं.

परशू दिग्गीचा, जोयड्याच्या बाजूच्या जंगलातला. भाताच्या दिवसांत शेती आणि बाकीचे दिवस जंगलातली कामं करणाऱ्या घरातला. पाहुण्यांना मागं बसवून जंगलातून फिरवून आणायला मालकानं त्याला ही गाडी दिलेली. गाडीला तो एवढा जपायचा की पुसायचं फडकं दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. दिग्गीच्या उतारावर, ओढ्याच्या अलीकडच्या वळणावर, तो गाडीसकट कठड्याला धडकला. मागं कुणी नव्हतं म्हणून एकट्यावर निभावलं. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं, आणि जोडलं ते वाकडं. रामनगरच्या दवाखान्याशी टेम्पोतून उतरवताना तो प्रवीणला एवढंच म्हणाला होता, "अण्णा, ब्रेक धरलाच न्हाई." मागोमाग मालकाचा माणूस आला, हवेतला वास घेतल्यासारखं नाक वर करून म्हणाला, "ब्रेक काय करंल बिचारा? उरकाचा सीझन हाय." काजूची पहिल्या धारेची दारू ती, उरक, त्या दिवसांत गावोगाव असतेच. सगळे हसले. डोकं हलवून हसले, प्रेमानं हसले. जंगलातली माणसं ती, पिणारच, असं म्हणत हसले. केशरला त्या हसण्याचा आवाज अजून ऐकू यायचा. त्यात द्वेष नव्हता, म्हणूनच तो तिला सहन होत नव्हता. द्वेषाशी भांडता तरी येतं.

त्याच संध्याकाळी गाडी गॅरेजमध्ये आणून प्रवीणनं चाक काढलं आणि ब्रेकचे शूज बाहेर घेतले. तेव्हाही उजेड केशरनंच धरला होता. शूज तेलानं निथळत होते. बोट लावलं तर घसरत होतं. आणि खाचेतून बाहेर आलेली, एका बाजूला फाटलेली, गांडुळासारखी गुबगुबीत झालेली ती रिंग. प्रवीणनं रिंगेकडं पाहिलं. केशरनं प्रवीणकडं पाहिलं. बोलायची गरज नव्हती, तरी ती बोलली. स्पष्ट बोलली, पूर्ण वाक्यात: "परशूचा ब्रेक या रिंगेमुळं गेला. त्याची काही चूक नाही." प्रवीणनं शूज पेट्रोलच्या डब्यात टाकले. ब्रशनं घासायला लागला. किती वेळ घासत होता. मग मान वर न करता म्हणाला, "बाबांना सांगू नको. म्हातारा मरंल गं." फाटलेली रिंग त्यानं कचऱ्यात टाकली, आणि त्याच पाकिटातली दुसरी घेतली, तात्पुरती म्हणून, आणि बसवली. त्याच पाकिटातली! गाडी मालकाच्या शेडमध्ये जाऊन पडली. आज वर्षानं ती सर्व्हिसिंगला परत आली होती, आणि आजचा थेंब त्या दुसऱ्या रिंगेतून गळत होता.

सगळ्यांना सगळं कळतं आणि कुणालाच काही कळत नाही, असं घर चालवायला कष्ट पडतात. केशर ते कष्ट बघत आली होती. प्रवीण परशूच्या विषयावर यायच्या आधीच वळायचा, जसा रस्त्यात खड्डा माहीत असलेला माणूस लांबूनच वळतो. बाबुराव परशूचं नाव निघालं की "पोरगं गुणाचं, पर पिऊन वाया गेलं" म्हणायचे आणि खरोखर हळहळायचे. त्यांची ती हळहळ ऐकताना तिला ओठ दाबून धरावे लागायचे. मालकानं परशूला पुन्हा कामावर घेतलं नाही. त्याच्या जागी आता कान्हूला घेतलं होतं. परशूचा मेहुणा, त्याच्या बायकोचा, पुतळीचा, भाऊ. नव्यानं गाडी शिकलेला, आनंदानं फुललेला. उळवीच्या जत्रेला येणारे पाहुणे मागं बसवून त्याला त्याच उतारावरून जायचं होतं. त्याच गाडीवरून. आणि बाबुराव इथं तिसऱ्या रिंगेला भिरंडेल चोळत होते.

पुतळी एकदाच आली होती, परशू घरी परतल्यावर. दारातच बसली, आत ये म्हटलं तरी आली नाही. परड्यातली मुडली आणली होती, हाताएवढा लांब आणि मनगटाहून जाड कंद, ओल्या मातीसकट पानात गुंडाळलेला. कशी शिजवायची ते सांगत बसली. आमसूल घाल, न्हायतर घसा खाजंल. उठताना तिनं विचारलं होतं, "वैनी, तुमी शिकलेल्या. येक इचारू? प्यालेला मानूस आपन प्यालो हेच इसरतो काय?" केशरला आधी कळलंच नाही. पुतळी खालच्या आवाजात म्हणाली, "ते सुरवातीला म्हनायचे, मी थेंब घेतला नव्हता. आता म्हनत न्हाईत. आता म्हनतात, समदे म्हनतात म्हंजे घेतली असंल. मला आठवत न्हाई म्हनतात." केशरच्या तोंडात उत्तर तयार होतं. तेवढ्यात आतून प्रवीणनं हाक मारली, चहा टाक म्हणून, आणि पुतळी घाईनं पदर सावरून निघून गेली, आपण वेळ घेतला याचीच लाज वाटल्यासारखी. मुडली शिजवली. सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्ली. बाबुराव म्हणाले, दिग्गीच्या मातीची चव कशाला न्हाई. केशरनं आपलं ताट उचलून मोरीत नेलं.

माणसाचा पाय मोडतो, तो जोडतात. पण त्याची स्वतःची आठवण त्याच्या हातून काढून घ्यायची आणि तिथं आपल्या सोयीची आठवण बसवायची, माप जुळतंय म्हणून, रंग जुळतोय म्हणून, हे कोणत्या कायद्यात बसतं? त्या रात्री तिनं पाकिटातली एक कोरी रिंग घेतली, मापली, काचेच्या बरणीत गिअर-तेल ओतलं आणि रिंग आत सोडली. बरणी स्वयंपाकघरात तिखटाच्या डब्यामागं ठेवली. कुणाला दाखवायला ठेवली होती, ते तेव्हा तिला ठाऊक नव्हतं. कदाचित स्वतःलाच. साडेतीन मिलिमीटर जाडीची रिंग पावणेपाचाच्या पुढं गेली. पुढं ती मापायचं तिनं सोडून दिलं. कुणीच विचारलेलं नव्हतं, तरी बरणी रोज तेच एक उत्तर देत होती. आणि तिखट काढायला हात गेला की ते उत्तर बोटांना लागायचं. प्रवीणला तिनं पुन्हा पुन्हा सांगितलं, कधी जेवताना, कधी भांडून. त्याचं एकच. बाबांचं होऊन जाऊ दे. म्हणजे काय होऊन जाऊ दे? मरण? एका माणसाच्या मरणाची वाट बघत दुसऱ्यानं दारुडा म्हणून जगायचं? आणि हे मायेचं म्हणायचं?

"वर घे उजेड," बाबुराव म्हणाले. रिंग खाचेवर टेकली होती.

केशरनं मोबाइल बंद केला.

"काय गं, चार्जिंग गेलं काय?"

"नाही मामा. थांबा जरा."

ती आत गेली, तिखटाचा डबा सरकवला, बरणी घेऊन आली. प्रवीणनं बरणी पाहिली आणि हातातला पाना खाली ठेवला. त्याला बरणी माहीत होती. हे तिला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि एवढ्या सगळ्या रागावर आणखी एक राग चढला: इतके दिवस तोही तिखट काढताना हात वळवत होता तर.

"केशर," तो म्हणाला, "आत जा."

ती पाटाशेजारी बसली. चिमट्यानं रिंग काढली, कापसाच्या कपड्यात टिपली, सासऱ्यांच्या तळहातावर ठेवली. "तुमच्याच पाकिटातली आहे मामा. तेलात ठेवली होती. दुसरं काही केलं नाही."

बाबुरावांनी ती चाचपली. अंगठा आणि करंगळीत धरून ताणली. ती ताणत गेली आणि परत आली नाही. त्यांनी ती नाकाशी नेली. मग सवयीनं, विचार न करता, दाढेखाली धरून हलकेच चावली. रिंग तुटली. शिजलेल्या शेंगेसारखी, आवाज न करता, तिचे दोन तुकडे झाले. ते थुंकले. बराच वेळ जिभेवरून बोट फिरवत राहिले. त्यांच्या पांढुरक्या बुबुळांवर दारातला उजेड पडला होता आणि ते कुणाकडंच बघत नव्हते.

"परशूच्या गाडीत हीच व्हती?" त्यांनी विचारलं.

 प्रवीण खाली बघत होता.

"इचारतोय मी. हीच व्हती?"

"हीच होती, मामा. फाटलेली. शूज तेलात भिजले होते."

"तुला म्हाईत व्हतं?" हे त्यांनी मुलाला विचारलं.

"बाबा, तुमाला तरास नको म्हनून..."

म्हातारा मान हलवत राहिला. केशरला वाटलं, आता ते म्हणतील, परशूला सांगायला हवं. तिनं वाट पाहिली. आपण या माणसाला वर्षभर काचेच्या भांड्यासारखं जपलं, त्याच्यात किती बळ आहे हे कुणी विचारलंसुद्धा नाही, हा म्हणेल. त्यांनी ओठ पुसले. घसा साफ केला.

"बेळगावची रिंग आन," ते म्हणाले. "ती बसीव. तूच बसीव पोरी." आणि मुलाकडं वळून म्हणाले, "परव्या, परशूच्या घरी दोन पोती तांदूळ धाड. चांगला धाड. कशापायी ते सांगू नको. आता जुनं उकरून काय हुनार? आमचं नाव जाईल, त्याचा पाय काय सरळ हुनार न्हाई."

"तेच म्हंतो मी," प्रवीण म्हणाला. त्याच्या आवाजात सुटका होती. "तांदूळ धाडूया. तिला बी बरं वाटंल. काय, केशर?"

केशरनं हात पुसले. डब्यातून बेळगावची रिंग काढली. ती कडक होती, असायलाच हवी होती. तिनं खाच कपड्यानं कोरडी पुसली, बोटावर तेच गिअर-तेल घेऊन रिंगेवरून फिरवलं, एका बाजूनं सुरुवात करून कुठं पीळ पडू न देता ती जागेवर बसवली. हात स्थिर होते. डोक्यात मात्र तांदळाची पोती पुतळीच्या दारात उतरत होती. पुतळी पदर सावरत म्हणत होती, अण्णांचं मन मोठं. परशू वाकडा पाय पसरून बघत होता आणि मनात म्हणत होता, मी एवढी त्यांच्या हातची गाडी मोडली, तरी बघ. त्यालाच उपकार वाटणार होते. तो आभार मानणार होता! तो तांदूळ शिजणार होता, आणि प्रत्येक घासागणिक तो थोडा थोडा आणखी प्यालेला ठरणार होता.  भात ओरडत नाही. इथं सगळेच मऊ बोलतात. सगळं भिरंडेल लावून आत बसवतात.

बाहेर रस्त्यावर जोयड्याची वडापची, सीटवर भाडं घेणारी जीप थांबली. कान्हू उडी मारून उतरला, नवा शर्ट, केसांना पाणी. "अण्णा, झाली काय आमची राणी?" दारातूनच म्हणाला. "मालक म्हनतो आजच घिऊन ये, पावनी यायलेत."  त्यानं एकेकाकडं पाहिलं. "काय झालं ओ? कोन गेलं काय?"

"कोन न्हाई गेलं," प्रवीण घाईनं म्हणाला. "जरा रिंग बदलायली हाय. तू उद्या ये. आणि हे बग, परशूभाऊजीला सांग, आमी तांदूळ..."

"अहो, थांबा," केशर म्हणाली.

ती उठली. हाताला तेल होतं. ते तिनं पुसलं नाही. बाबुरावांनी तिच्या आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. त्यांना कळलं होतं, हे तिला दिसलं, आणि त्यांनी थांब म्हटलं नाही, हेही.

"कान्हू, ती जीप परत जोयड्याला जाणार ना?"

"व्हय वैनी, आत्ताच सुटंल. का?"

"तिला थांबायला सांग. मी तुझ्याबरोबर दिग्गीला येते. परशूला सांगायचं आहे, तो प्यालेला नव्हता."